पत्र्यानं सोसलेलं

१

दुपारची जेवणं आटोपली की सगळं गाव आडवं व्हायचं. खिडक्यांच्या झडपा लागायच्या, कुत्री द्राक्षाच्या मांडवाखाली जीभ टाकून पडायची, आणि तेवढा एक फोटिस थंड कॉफीचा ग्लास हातात घेऊन अंगणापलीकडच्या तेलघाण्याच्या खोलीकडे निघायचा. खाली कालामाता शहरातल्या शाळेत तो पदार्थविज्ञान शिकवायचा. उन्हाळ्यात शाळा बंद, पोरं समुद्रावर आणि मास्तर आपल्या लाल गाडीपाशी, असा वर्षानुवर्षांचा क्रम होता.

घाणा कधीच बंद पडला होता. दगडी जातं तेवढं खोलीच्या मधोमध तसंच होतं, कारण ते हलवायची कुणाची छाती नव्हती. त्याच्या शेजारी गाडी उभी असायची. जुनी इटालियन, दोन माणसांची, बुटकी, लांब नाकाची आणि महानखरेल. एका दातांच्या डॉक्टरनं तिच्या रुसव्याफुगव्यांना कंटाळून ती फोटिसच्या गळ्यात मारली होती. फोटिसची बायको इव्हान्थिया तिला 'माझी सवत' म्हणायची, आणि ते अगदीच गमतीनं म्हणायची असं नाही.

मे महिन्यात ही सवत त्यांच्या मुलीनं, इस्मिनीनं, घाटात कड्यावर घातली. गावाखालच्या वळणावर बारीक खडी सांडलेली होती, गाडी सरकली आणि नाक सरळ खडकात गेलं. फोटिस धावत पोचला तेव्हा बंपर मधोमध वाकला होता, बॉनेटची घडी झाली होती, डावा मडगार्ड चाकावर बसला होता. पुढच्या काचेत, चालकाच्या बरोब्बर समोर, तळहाताएवढी तड चांदणीसारखी फुटली होती, आणि त्या तडेत आतल्या बाजूनं एक लांब काळा केस अडकला होता. इस्मिनी मात्र बाजूच्या दगडावर बसून गाडीसाठी रडत होती. तिला साधा ओरखडाही नव्हता.

दवाखान्यात डोक्यापासून पायापर्यंत एक्स-रे फोटो काढले. सगळं ठणठणीत.

"धातू चेपला की धक्का त्याच्यात जिरतो," फोटिसनं घरी समजावलं. "साधं विज्ञान आहे."

"आणि केस?"

"तिचे केस घरभर असतात. सूपमध्येसुद्धा सापडतात."

 वळणावर देवळी उभारायचा नवस इव्हान्थियानं केव्हाच बोलून टाकला होता.

२

त्या घाटात वळणावळणाला देवळ्या आहेत. खांबावर पत्र्याची पेटी, पेटीला इवलंसं छप्पर, वर क्रूस, आत तेलाचा दिवा. कुणी तिथे गेला म्हणून ठेवलेली असते, कुणी तिथे वाचला म्हणून. रस्त्यावरून जाणाऱ्याला फरक कळत नाही. तो आपला छातीवर क्रूस काढतो आणि पुढच्या वळणाकडे बघतो. त्यांच्या गावाची आणखी एक रीत होती. वाचलेल्याच्या देवळीच्या पायाशी, जिनं मार खाल्ला ती वस्तू नेऊन ठेवायची. मोडका दिवा, वाकडं चाक, जे असेल ते. मग तिला कुणी हात लावायचा नाही.

"बंपर दे," देवळी विकत आणली त्या दिवशी इव्हान्थिया म्हणाली.

"वेडी का खुळी? मूळ बंपर आहे तो! अख्ख्या ग्रीसमध्ये दुसरा मिळायचा नाही."

"पोरीच्या वाटचं त्यानं सोसलंय, फोटिस. सोसलेलं परत मागू नये."

"लोखंड सोसत नाही. वाकतं. वाकलेलं सरळ करता येतं."

"हे तुझ्या शाळेत शिकव. मला नको."

"अगं, दुसरं काहीतरी घेऊन जा ना. नंबरप्लेट घे."

ती काहीच न घेता गेली. देवळी उभी राहिली, दिवा लागला, पायाशी जागा रिकामीच राहिली. जुन्या गाड्यांचं वेड असलेल्या माणसाला मूळ भागापुढे बायको, देव आणि शेजारी दिसत नाहीत. फोटिसलाही दिसले नाहीत.

सुट्टी लागताच त्यानं बंपरपासूनच सुरुवात केली. ऑलिव्हच्या ओंडक्यावर तो पालथा ठेवून, मध्ये कातडं धरून, लाकडी हातोडीनं ठोकायला घेतला. चार दिवसांचं काम धरलं होतं. पण लोखंड जणू वाटच बघत होतं. ठोके पडत गेले तसा बंपर लोण्यासारखा उलगडत गेला आणि संध्याकाळी पट्टी लावली तर कुठे फट दिसेना.

कालामाताचा डेंटिंगवाला पेलोपिदास, त्याचा शाळेपासूनचा दोस्त, वर आला होता. त्यानं बंपरवरून अंगठा फिरवला. "कुणाकडून करून घेतलास?"

"ह्या हातांनी केला."

"ह्या? ह्या हातांनी तू गेल्या वर्षी खिळा ठोकताना बोट फोडून घेतलंस, मास्तर. खरं सांग, माझ्या धंद्यावर कोण उठलाय?"

फोटिस मनापासून खूश झाला. इतका की, जेवायला वर येताना इस्मिनी जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी चढतेय, हे त्यानं पाहिलं आणि सोडून दिलं.

"गुडघा धरलाय," ती म्हणाली. "डावा. काल जास्त पोहले वाटतं."

३

बॉनेट आणि मडगार्डला जास्त वेळ लागेल असं त्यानं ठरवलं होतं. खोलगट जागांभोवती खडूनं गोल काढले, एक गोल संपवून दुसऱ्याकडे जायचं अशी शिस्त लावली. खोलीत भट्टीसारखा उकाडा. बाहेर रातकिड्यांचा नुसता कल्ला, तिथले रातकिडे दिवसाच ओरडतात, दुपारी तर जास्तच चेकाळायचे.

कॉफी प्यायला तो जात्यावर बसला आणि आवाज आला.

टक्.

डब्याचं झाकण अंगठ्यानं दाबून सोडावं, तसा. त्यानं मान वर केली. गाडी उभी होती. थोड्या वेळानं पुन्हा, टक्. उष्णतेनं पत्रा प्रसरण पावतो, हे तो दरवर्षी नव्या पोरांना फळ्यावर काढून दाखवायचा. त्यानं ग्लास रिकामा केला आणि मडगार्डकडे वळला. खडूचा गोल जिथे काढला होता तिथेच होता. पण गोलाच्या आत खळगा नव्हता. हात फिरवला. साफ, सपाट, किंचित कोमट.

इथे ठोकलं होतं का आपण? ठोकलं असेल. माणूस कामात असला की हात आपोआप चालतात. त्यानं गोल पुसून टाकला, तो नको तितक्या घाईनं.

आठवड्याभरात मडगार्ड झाला, बॉनेट झालं. भंगारातून आणलेला रेडिएटर बसला, इंजिन पहिल्याच किल्लीला बोललं. ठोकण्याचं काम रोज कमी होत होतं आणि तो रोज स्वतःला सांगत होता की आपला हात बसला. आपल्याला येत नसलेली गोष्ट अचानक यायला लागली तर माणूस शंका घेत नाही. तो पाठ थोपटून घेतो.

इस्मिनीनं एका सकाळी आईला मांडी दाखवली. हातभर लांबीचा डाग, पिवळा-हिरवा, कडेनं विरत चाललेला.

"कधी आपटलीस?"

"कुठेच नाही. गंमत म्हणजे निळा झालाच नाही. उठले तर असाच, जुना."

इव्हान्थियानं तिच्या मांडीला तेल लावलं आणि मग स्वयंपाकघराच्या दारातून फोटिसकडे पाहत राहिली. त्याच्या हातांना लाल रंगाची धूळ होती. त्यानं हात खिशात घातले.

"काय?" तो म्हणाला.

"मी कुठे काय म्हटलं?"

४

ऑगस्ट उजाडला तेव्हा उरलं होतं ते सगळ्यात अवघड. गाडीच्या पोटाखाली इंजिन धरून ठेवणाऱ्या दोन जाड दांड्या असतात. धडकेत डावी मागे रेटली गेली होती. त्यामुळे पुढचा चौकोन तिरका झाला होता. पट्टीनं दोन्ही कर्ण मोजले तर एक दुसऱ्यापेक्षा चांगला तीन बोटं आखूड. शहरात हे काम यंत्रावर करतात. फोटिसनं दांडीच्या टोकाला साखळी बांधली, दुसरं टोक दगडी जात्याला, आणि मध्ये चेन-पुली लावून ओढायला घेतलं. जातं हलणार नव्हतं. हलायचं ते दांडीनंच.

वर अंगणात मायलेकी कलिंगड खात होत्या. इस्मिनीला सप्टेंबरात पात्रा नावाच्या शहरात नोकरीवर हजर व्हायचं होतं. गाडी झाली की बाबाला शेजारी बसवून तीच चालवत नेणार, असं तिनं आल्यागेल्याला सांगितलं होतं. ती आईला शेजारणीच्या बोकडाची कुठलीशी हकिगत सांगत होती आणि दोघी खिदळत होत्या. ते हसू ऐकत फोटिसनं पुलीची साखळी ओढली.

दांडी कण्हली आणि एकदम दोन बोटं पुढे आली.

वरचं हसू मध्येच तुटलं.

तो साखळी हातात धरून उभा राहिला. रातकिडेसुद्धा थांबलेत असं त्याला वाटलं. मग इव्हान्थियाची हाक आली, त्याच्या नावाची, पण ओळखू न येणाऱ्या आवाजात.

इस्मिनी खुर्चीत वाकून बसली होती, हात डाव्या बरगड्यांवर, धड श्वास घेता येत नव्हता. कलिंगडाचा लालभडक रस हनुवटीवरून ओघळत होता आणि ते रक्त नाही ना, हे फोटिसनं बोट लावून पाहिलं.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी नवा फोटो उजेडावर धरला. "दोन बरगड्यांना तडा आहे. पण काळजी नको, भरत आलाय."

"भरत आलाय? दोन तास झालेत फक्त!" फोटिस म्हणाला.

"छे. हाडाची गाठ बघा. तीनएक महिने झालेत ह्याला. मेमध्ये अपघात झाला म्हणता, तेव्हाचाच." मग त्यांनी मेमधला फोटो शेजारी धरला. बराच वेळ धरला. त्यातल्या बरगड्या स्वच्छ होत्या. "कधीकधी दिसत नाही," त्या म्हणाल्या, आणि दोन्ही फोटो पाकिटात घालून पाकीट इव्हान्थियाच्या हातात दिलं.

परतीच्या वाटेवर वळणावरची देवळी आली. इव्हान्थियानं क्रूस काढला. फोटिसनं शाळकरी वयापासून कधी काढला नव्हता, त्या दिवशी काढला.

५

त्यानं काम थांबवलं. अथेन्सहून नवी काच यायची होती, तीही नको म्हणून फोन करून सांगितलं. खोलीला कुलूप घातलं, किल्ली खिशात ठेवली, आणि इस्मिनीला म्हणाला, "नट मिळत नाहीयेत. बसनं जा तू." ती हिरमुसली.

दांडी अजून बोटभर मागे होती. काच तशीच फुटकी होती. तेवढं तसंच राहिलं की झालं, असं तो मनाशी घोकत होता. आणि एवढा शिकलेला माणूस असलं काही घोकतोय याची त्याला लाजही वाटत होती. गुडघा, मांडी, बरगड्या. योगायोग तीनदा होतो. चारदा होतो का, हे त्याला बघायचं नव्हतं.

त्या दुपारी कित्येक वर्षांनी तो बायकोशेजारी आडवा झाला. झडपांच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या छतावर पडल्या होत्या.

टक्.

तो निपचित पडून राहिला. इव्हान्थियाचा श्वास झोपलेल्या माणसाचा नव्हता.

टक्.

"ऐकू येतंय ना?" तिनं विचारलं.

"छपराचा पत्रा तापतोय."

"घाण्याच्या खोलीला कौलं आहेत, फोटिस."

तो अनवाणीच धावला. अंगणातली फरशी पाय भाजत होती. कुलूप जसंच्या तसं होतं. आत साखळी जमिनीवर सैल पडली होती, जात्याचं टोक सुटलेलं, पुली भिंतीला टांगलेली. त्यानं पट्टी घेऊन गाडीखाली अंग सारलं आणि कर्ण मोजले. मग पुन्हा मोजले, उलट्या बाजूनं.

दोन्ही सारखे होते.

तो बाहेर सरकला, उठला, आणि काचेकडे बघायचं नाही असं ठरवूनही त्यानं बघितलं. तळहाताएवढी चांदणी आता नाण्याएवढी होती. बाकी काच नितळ, तिच्यात मागच्या दाराचं ऊन दिसत होतं. स्टीअरिंगच्या मागे, धुळीत, तो लांब काळा केस पडला होता. त्याला धरून ठेवणारी तड आता उरली नव्हती.

६

त्यानं घण उचलला आणि स्वतःच्या हातानं घासूनपुसून केलेल्या बॉनेटवर घातला. पत्रा खचला. चांगला वीतभर खळगा पडला. फोटिस धापा टाकत बघत राहिला. खळग्याच्या कडा थरथरल्या, आणि टक्. बॉनेट सपाट. पुन्हा घातला. टक्. पोळीला आलेला फुगा दाबला की दुसरीकडून वर येतो, तसा तो पत्रा वर येत होता, आणि दर वेळी अधिक सफाईनं.

"बाबा?"

इस्मिनी दारात उभी होती. झोपेतून उठलेली, केस विस्कटलेले. तिची नजर गाडीवर गेली आणि चेहरा उजळला. "अय्या, झाली? केवढी छान केलीस! आणि नट मिळत नाहीत म्हणून थापा मारतोस?"

"तू का उठलीस?"

"डोकं दुखतंय जरासं. गोळी कुठे ठेवलीय आईनं?"

"कुठे दुखतंय?" त्यानं हळू विचारलं. "नेमकं दाखव."

तिनं डाव्या भुवईच्या वर तळहात ठेवला. तेवढीच जागा होती ती. तळहाताएवढी.

फोटिसनं घण खाली ठेवला. त्याला आता भीती वाटत नव्हती, घाई होती. खिळ्यावरची गाडीची किल्ली त्यानं काढली. "एक चक्कर मारून आणतो. इंजिन बघायचंय."

"मी येते!"

"तू आईजवळ बस."

"पण बाबा..."

"इस्मिनी, आईजवळ बस म्हटलं ना!"

आयुष्यात तो तिच्यावर इतका मोठ्यानं ओरडला नव्हता. ती दोन पावलं मागे सरली, हात अजून कपाळावरच. अंगणातून बाहेर पडताना त्याला आरशात इव्हान्थिया दिसली. ती त्याला अडवायला धावली नाही. तिनं फक्त पोरीला पोटाशी धरलं.

घाटाचा रस्ता दुपारचा ओस होता. गाडी इतकी सुरेख चालत होती की त्याला रडू आलं. समोरच्या काचेतला ठिपका आता वाटाण्याएवढा होता. खालच्या वळणावर देवळी दिसली, पेटीतली ज्योत उन्हात फिकी. फोटिसनं पट्टा काढून टाकला, कपाळ पुढे केलं आणि स्टीअरिंग कड्याकडे वळवलं.

७

डोळे उघडले तेव्हा वाफ येत होती. नाकाची घडी झाली होती, बंपर मधोमध वाकला होता, डावा मडगार्ड चाकावर बसला होता. समोरच्या काचेत चांगली मोठी चांदणी फुटली होती आणि तिच्यात एक आखूड पांढरा केस अडकला होता. त्यानं कपाळाला हात लावला. हात कोरडा आला.

पेलोपिदास ओढायची गाडी घेऊन आला. आधी त्यानं दोस्ताला नखशिखान्त चाचपलं, मग शिव्या दिल्या. "म्हाताऱ्या, एकाच वळणावर बापलेक दोघं! आणि दोघांना साधं खरचटत नाही. तुम्ही दिवा कुठल्या संताला लावता, मलाही पत्ता द्या." गाडीकडे बघून त्यानं मान हलवली. "भंगारात देऊ?"

"नको."

"मग माझ्याकडे सोड. मी सरळ करतो, तुझ्याच्यानं आता..."

"हात लावायचा नाही तिला!" फोटिस ओरडला. मग जरा खाली येऊन म्हणाला, "कुणीच नाही. घरी ने. होती तिथे उभी कर."

बंपर मात्र त्यानं तिथेच उतरवला, स्वतः, आणि देवळीच्या पायाशी ठेवला. मूळ बंपर. त्याच्याकडे वळून बघायचीही त्याला इच्छा झाली नाही.

घरी इस्मिनी अंगणात बसून आईशी भांडत होती. डोकं? ते तर मघाशीच दुखायचं थांबलं, एकदम, कुणी हात काढून घ्यावा तसं. बाबाची गाडी अशी बघून ती ढसाढसा रडली. फोटिसनं तिला रडू दिलं. रडणाऱ्या पोरीचं कपाळ तो तळहातानं पुन्हा पुन्हा पुसत राहिला.

मग बरेच दिवस काही झालं नाही. खोलीला कुलूप होतं. इस्मिनीचा डाग गेला, ती पुन्हा पोहायला जाऊ लागली, जिना दोन-दोन पायऱ्या टाकत चढू लागली. फोटिस रोज दुपारी बायकोशेजारी आडवा व्हायचा. दोघंही झोपायची नाहीत, पण त्याबद्दल बोलायचीही नाहीत.

ती पात्राला निघायच्या आदल्या दिवशी तिघं मांडवाखाली जेवायला बसली. भात भरलेले टोमॅटो होते, खारं चीज होतं, वर्षातलं शेवटचं कलिंगड होतं. इस्मिनी बोकडाची ती अर्धवट राहिलेली हकिगत पुन्हा सांगत होती.

घाण्याच्या खोलीतून आवाज आला.

टक्.

इव्हान्थियाची सुरी कलिंगडात तशीच थांबली. दोघांनी एकदम पोरीकडे पाहिलं. इस्मिनी हसत होती. हसता हसता पाणी आणायला उठली, जिना धडधडत चढून गेली, आणि वरून ओरडली, "बर्फ कुठे संपवलात सगळा?"

त्यांनी तिची पावलं शेवटपर्यंत ऐकली. पावलं सारखी पडत होती.

मग फोटिसनं टेबलाखाली हात नेला आणि गुडघा चोळला.  कित्येक महिन्यांत त्याला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

"कुठला?" इव्हान्थियानं हळूच विचारलं.

"डावा," तो म्हणाला, आणि ताटली पुढे केली. "दे, अजून एक फोड दे."